अर्थ कच्चा राहिल्यास

सूचना १. यंत्र पेटीतून काढताना किमान दोन माणसे असावीत.

सत्तर होती. जळकोटच्या फाट्यावर मोटारीतून उतरवलेली पेटी धुळाप्पा धनगरानं डोक्यावरून साडेचार मैल आणली, कातळवाडीच्या शाळेच्या ओट्यावर टेकवली आणि मान दोन्ही हातांनी धरून तो खाली बसला.

"मेंढरू बरं," तो म्हणाला. "त्ये हाल्तं तरी. ह्ये निस्तं मुडदं."

"जपून रं," कल्याणप्पा मास्तर म्हणाले. "सरकारी हाय."

"मंग आत गाणारी बाई बी सरकारीच का वो, मास्तर?"

माणसं हसली. मास्तरांनी खिळे उपटायला घेतले. पेटीत गवतात गुंडाळलेला रेडिओ होता, विटेपेक्षा जड बॅटरी होती, तारेची दोन वेटोळी होती, एका टोकाला अणकुचीदार अशी हातभर तांब्याची कांब होती आणि एक छापील पत्रक होतं. त्यात शिक्षकांसाठी चौदा सूचना होत्या. मास्तरांनी पत्रक आधी उचललं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

त्याच्याबरोबर तालुक्याहून एक कागदही आला होता. तो त्यांनी घरी गेल्यावर बायकोला वाचून दाखवला. ज्या शाळेत यंत्राचा उपयोग नीट होईल, तिथला हंगामी शिक्षक कायम करण्याचा विचार होईल. जिथं होणार नाही, तिथं ट्रेनिंग झालेला माणूस नेमला जाईल.

"म्हंजी?" गजराबाई म्हणाली.

"म्हंजी ह्ये बोललं तर आपण ऱ्हातो. न्हाय बोललं तर आपण जातो."

पोलीस ॲक्शन होऊन तेरा वर्षं झाली होती. तेराही वर्षं मास्तर हंगामी होते. नळदुर्गला त्यांनी मिडल केलं ते उर्दूतून. बेरीज, गुणाकार, भागाकार करताना अजून मनात जमा, जर्ब, तकसीम चालायचं आणि तोंडातून मराठी यायचं. मराठीची परीक्षा ते दुसऱ्या खेपेला पास झाले, शंभरात बावन्न. तेव्हापासून छापील मराठी समोर आलं की ते मांडी बदलून, पाठ सरळ करून बसत.

सूचना ३. एरियलची तार उंच बांधावी.

याला चित्र होतं. चित्रात झाड होतं. धुळाप्पा लिंबावर चढला.

सूचना ४. यंत्र लावण्यापूर्वी अर्थ नीट लावून घ्यावा. अर्थ वरवर लावू नये, खोल जावे. अर्थ कच्चा राहिल्यास खरखर येते व मुलांना काही समजत नाही.

याला चित्र नव्हतं.

मास्तरांनी ती सूचना तीनदा वाचली. मग गजराबाईला वाचून दाखवली. ती भाकरी थापत होती.

"कसं नेमकं लिवलंय बघ," ते म्हणाले. "आदी अर्थ लावा, मग यंत्र लावा. कुणी तरी मास्तरकी केलेल्या माणसानं लिवलंय ह्ये. लावला बटण आन बसला इडी फुकत, आसं चालायचं न्हाय."

"तुमी कवा फुकता?"

"माझं न्हाय गं. तालुक्यातल्यांचं सांगतो."

पत्रकाबरोबर महिन्याचे धडे छापून आले होते. पहिला धडा बंदरांचा. मास्तरांनी जळकोटच्या शाळेतून शब्दकोश मागून आणला आणि भरती, ओहोटी, दीपगृह, गलबत असे एकवीस शब्द काढले. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. चार इयत्तांची एकेचाळीस पोरं एकाच खोलीत बसायची. त्या सगळ्यांना त्यांनी फळ्यावर अर्थ लिहून दिले. दीपगृह म्हणजे जहाजांना वाट दाखवणारा उंच दिवा. पोरं ओरडून म्हणाली. दुपारी दोनला मास्तरांनी बटण फिरवलं.

खरखर आली. खरखरीच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं, जसं पत्र्यावर ज्वारी ओतताना पलीकडून कुणी हाक मारावी. पोरांनी मास्तरांकडं पाहिलं.

मास्तरांनी पत्रक काढलं. अर्थ कच्चा राहिल्यास.

दुसऱ्या धड्याला त्यांनी अर्थ एक तास लावला. तिसऱ्याला सकाळपासून. वरवर नको म्हणून ते खोल गेले: गलबत कुणी बांधलं, लाकूड कुठलं, ते पाण्यावर तरंगतं का. परातीत वाटी सोडून दाखवली. त्या दोन महिन्यांत कातळवाडीच्या शाळेत जेवढं शिकवलं गेलं तेवढं आधी कधी शिकवलं गेलं नव्हतं, आणि मास्तर रोज दोन वाजता खरखर ऐकून मान खाली घालत होते.

उरलेलं तारेचं वेटोळं त्यांनी जादा म्हणून कपाटात ठेवलं. तांब्याच्या कांबीनं शाळेची घंटा बडवता येत होती. आवाज चांगला यायचा.

श्रवण नोंदवही, कातळवाडी

माघ व. ३. धडा: ऊस. अर्थ लावला. ऐकू आले नाही.
माघ व. ६. धडा: डाकघर. अर्थ लावला, पाठ करून घेतला. ऐकू आले नाही.
माघ व. १०. धडा: हिमालय. अर्थ लावला. "हिमालय" एवढा शब्द ऐकू आला. मुलांना आनंद झाला.
फाल्गुन शु. २. धडा: रक्ताभिसरण. अर्थ माझ्याच्याने लागला नाही. यंत्र लावले नाही.

सूचना ९. तपासणीच्या वेळी यंत्र सुस्थितीत असावे.

राघवेंद्रराव तपासनीस तुळजापूरहून आले ते फाल्गुनाच्या शेवटी. उन्हानं त्यांची टोपी कपाळाला चिकटली होती. त्यांनी पाणी मागितलं, तांब्यातलं अर्धं प्यायले, अर्धं पायांवर ओतलं. गजराबाई दारातून ओल्या मातीकडं बघत राहिली.

रेडिओ लावला. खरखर.

"अर्थ लावला नाही का हो तुम्ही?"

"लावला की साहेब. रोज लावतो."

"रोज?"

"यकेक तास लावतो. कालचा धडा आवघड व्हता, तर दोन तास लावला."

राघवेंद्ररावांनी चष्मा काढला. "कुठं लावता?"

"फळ्यावर, साहेब. मंग पोरं पाठ करत्यात. हां रं, म्हणा. दीपगृह म्हंजे—"

"जहाजांना वाट दाखवणारा उंच दिवा!" एकेचाळीस पोरं ओरडली.

तपासनिसांचं पोट हलायला लागलं. ते खुर्चीत मागं रेलले, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, पुन्हा हसले. बरोबरचा शिपाई काही न कळता हसला. शिपाई हसला म्हणून पोरं हसली. मास्तरही जरा हसले, कारण सगळे हसत होते.

"अहो मास्तर, अर्थ म्हणजे जमीन! इंग्रजी शब्द आहे तो. दुसरी तार जमिनीत पुरायची असते कांबीला बांधून. कांब कुठाय?"

कांब घंटेशेजारी टांगलेली होती.

"जमीन," मास्तर म्हणाले.

"जमीन."

"मंग जमीनच का न्हाय लिवलं, साहेब?"

राघवेंद्रराव हसायचे थांबले. "मराठीची परीक्षा पास आहात ना तुम्ही?"

"व्हय साहेब. बावन मार्क."

"हं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पंधरा दिवसांनी परत येतो. वरिष्ठांना आकडे पाठवायचे आहेत, माझ्या तालुक्यात किती यंत्रं चालतात ते. हात-दीड हात खोल पुरा. आणि एक सांगतो, ती जागा कायम ओली पाहिजे. कोरड्या जमिनीत काही होत नाही. रोज घागरभर पाणी ओता."

"रोज?"

"एक घागर हो. विहीर आहे ना गावात?"

ते गेल्यावर मास्तरांनी पहार घेतली. शाळेच्या खिडकीखाली मुरूम होता, खाली कातळ. दुपारभर पहारीचा ठणठण आवाज येत राहिला. हात-दीड हात व्हायला सूर्य कलला. तळहाताचे फोड फुटले ते त्यांनी धोतराला पुसले.

फाट्यावर मोटारीची वाट बघताना तपासनिसांनी ती गोष्ट दोघांना सांगितली. तिसऱ्या दिवशी जळकोटच्या बाजारात एक अनोळखी माणूस मास्तरांना म्हणाला, "काय अर्थमास्तर, दोडक्याचा अर्थ काय चाललाय?"

सूचना ११. (कोरड्या हंगामात काय करावे, ते पत्रकाच्या फाटलेल्या कोपऱ्यावर होते.)

कातळवाडीची विहीर त्या साली होळीलाच तळाला गेली होती. तळात एका कडेला झरा होता. बाया आळीपाळीनं आत उतरायच्या, नारळाच्या कवटीनं पाणी घागरीत भरायच्या. हिंमतराव पाटलांनी दंडक घातला होता, घरटी एक घागर.

मास्तरांच्या घरी तिघं: ते, गजराबाई, सहा वर्षांची नीला. पहिल्या दिवशी गजराबाईनं घागर आणली, अर्धी रांजणात ओतली आणि अर्धी घेऊन शाळेमागं गेली. जमिनीनं पाणी असं ओढून घेतलं की आवाज आला. दोन वाजता रेडिओतला माणूस स्पष्ट खाकरला आणि म्हणाला, "मुलांनो, आज आपण कापसाविषयी बोलू." पोरं उभी राहिली. मास्तरांना ओरडून बसवावं लागलं. सगळा धडा संपेपर्यंत ते रेडिओच्या बाजूला हात जोडल्यासारखे उभे होते.

पाचव्या दिवशी गजराबाई विहिरीवर गेली तेव्हा कोंडाबाई काठावर बसलेली होती. तिच्या चार लेकी-सुना मागं रांगेत.

"मास्तरीणबाई, एक इचारू?"

"इचारा की."

"मारुतीच्या देवळात पाणी घालायचं बंद केलं आमी. देवाला बी म्हनलं, थांब बाबा, आखाडापतुर. आन तुमी शाळंमागं कोन्त्या देवाला आंगूळ घालता?"

"त्ये... रेडूची तार हाय. तिला ओल लागती."

"तिला ओल लागती!" कोंडाबाई मागं वळून म्हणाली. "ऐकलं का गं? तारंला तान लागती. माजी म्हस मेली परवा. तिला न्हाय लागली."

कुणी हसलं नाही. गजराबाईनं पदर पुढं ओढला आणि पायरीकडं गेली. तिच्या पुढ्यात घागर आडवी आली. कुणाची ते तिनं पाहिलं नाही.

त्याच सांजेला हिंमतराव पाटील शाळेच्या ओट्यावर येऊन बसले.

"मास्तर, येक तर त्ये यंत्र बंद ठिवा, न्हायतर तुमच्या घागरीचं बघावं लागंल."

"पाटील, धा दिसांचा सवाल हाय. साहेब येऊन गेले की बंद करतो."

"आमच्या बैलांचा बी धा दिसांचाच सवाल हाय."

"माझी नोकरी हाय वो ह्याच्यावर."

"मला कळंना व्हय?" पाटलांनी पान काढलं, पुन्हा चंचीत ठेवलं. "पर मी येका घरासाठी काय म्हणू बायांना? तुमीच सांगा. शिकलेले हाव तुमी."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या घराला एक दिवसाआड घागर ठरली.

गजराबाई मग दोन मैलांवरच्या ओढ्याच्या डोहाला जाऊ लागली. डोहात गुरं बसायची. हिरवट पाणी, वर शेवाळ, पण तारेला चालत होतं. भल्या सकाळी जायची ती उन्हं तापल्यावर परतायची. तिच्या टाचांना भेगा होत्याच. त्या आता लाल झाल्या. ती चालली की शाळेच्या शेणानं सारवलेल्या ओट्यावर टाचेतल्या रक्ताचे ठिपके उठायचे. नवव्या दिवशी ती खिडकीखाली घागर उतरवताना खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

वर्गातून मास्तर धावत आले. "काय गं? काय झालं?"

"काय न्हाय. जरा अंधारी आली." तिनं घागर घट्ट धरली होती. "सांडलं न्हाय. बघा. थेंब बी न्हाय सांडला."

मास्तरांनी घागर तिच्या हातातून सोडवली. चुंबळीखालचे केस झडून टाळूवर रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता. तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"उंद्यापासनं जायाचं न्हाय."

"मंग? साहेब सा दिसांनी येत्यात."

"जायाचं न्हाय म्हनलं ना."

धुळाप्पा मेंढरं घेऊन शाळेमागून चालला होता. त्यानं थांबून सगळं ऐकलं, काठीवर हनुवटी टेकली.

"मास्तर, तारंला निस्ती ओलच लागती ना? गंगेचंच पाणी पायजे आसं तर न्हाय?"

"मंग?"

"तुमची पंचवीस-तीस पोरं रोज त्या बाभळीखाली जाऊन मुतत्यात. बाभळ बघा की कशी हिरवीगार हाय."

"धुळ्या!"

"मी आपलं सांगितलं. माजी मेंढरंच आणून बशिवली आसती तिथं, पर तुमी वास-वास कराल."

"विद्येची जागा हाय ती. काय बोलतो?"

"विद्या आत हाय. मी खिडकीभायेर म्हणतोय."

तो गेला. मास्तर वर्गात गेले, पाढे घेतले, मध्येच विसरले. गजराबाई घरी जाऊन आडवी झाली होती, भर दिवसा, जे तिनं बाळंतपणानंतर कधी केलं नव्हतं. सुट्टीच्या घंटेला मास्तर ओट्यावर आले. पोरं बाभळीकडं पळत निघाली होती.

"थांबा," मास्तर म्हणाले. "मुलांनी आजपासून खिडकीखाली. रांगेनं. पहिली आदी."

पोरांना वाटलं, मास्तर चिडून बोलतात. मग कळलं की खरंच. ती रांग एवढी शिस्तीत लागली की प्रार्थनेला कधी लागली नव्हती. मास्तर ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून, हात मागं बांधून उभे राहिले.

त्या दिवशी रेडिओ आधी कधी नव्हता एवढा स्वच्छ लागला. बोलणारी बाई श्वास घेत होती तेसुद्धा ऐकू आलं.

सूचना ९, पुन्हा.

साहेब सहा दिवसांनी नाही, दहा दिवसांनी आले. चैत्र लागला होता. खिडकीत वारा नव्हता.

रेडिओ लावला. स्वच्छ. कावेरीच्या धरणाचा धडा होता. राघवेंद्रराव दोन मिनिटं ऐकत राहिले, मान डोलावली, "वा" म्हणाले. मास्तरांनी दाराकडं पाहिलं. बाहेर गजराबाई नीलाला घेऊन उभी होती. ती तो "वा" ऐकून भिंतीला टेकली.

मग साहेबांनी नाक वर केलं.

"वास कसला येतोय हो?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं.

"मास्तर?"

"ओलीचा, साहेब. अर्थाच्या."

"पाण्याला असा वास येतो?" ते उठून खिडकीशी गेले, वाकले आणि लगेच मागं आले. उपरणं नाकाला लावलं. पहिल्या रांगेतलं एक पोर मदतीला धावलं.

"साहेब, आमी मुततो तिथं! मास्तर रांग लावत्यात!"

"साहेब, पाणी न्हाय गावात," मास्तर म्हणाले. "घागर यक दिसाआड मिळती. बायको डोहावरनं आणत व्हती, तिला—"

"शाळा आहे ही." राघवेंद्रराव ओरडले नाहीत. हलक्या आवाजात बोलले, आणि त्यामुळं सगळ्यांना ऐकू गेलं. "सरकारी यंत्रावर. मुलांकडून. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"वाटलं, साहेब."

"मग?"

मास्तरांनी उत्तर शोधलं. त्यांना आधी ते उर्दूत सापडलं. मराठीत आणेपर्यंत साहेब ओट्यावरून खाली उतरले होते. या वेळी त्यांनी पाणी मागितलं नाही.

शेरा (तालुक्याहून आलेल्या कागदावरून)

यंत्र सुस्थितीत. श्रवण उत्तम. शाळेचा परिसर अत्यंत अस्वच्छ, व ही अस्वच्छता शिक्षकाने स्वतः करविलेली. शिक्षकास छापील सूचनांचे आकलन नाही. यंत्राच्या उपयोगास शिक्षक तयार नाही. ट्रेनिंग झालेला शिक्षक नेमावा.

गजराबाईनं तो कागद दोनदा वाचून घेतला.

"श्रवण उत्तम म्हंजी चांगलं ऐकू आलं आसंच ना?"

"व्हय."

"मंग?"

"मंग काय."

ती चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. "मी गेले आसते अजून सा दिस," ती म्हणाली. "मरत नव्हते मी."

मास्तरांनी कागदाची घडी घातली. त्यांना म्हणायचं होतं की तू खाली बसलीस तेव्हा मला दुसरं काही दिसलंच नाही. पण असं बोलायची त्या घरात रीत नव्हती. ते उठून नीलाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायला गेले. पांघरूण सारखंच होतं.

सूचना १४. बदली झाल्यास यंत्राचा चार्ज रीतसर द्यावा.

गोपाळकृष्ण तेवीस वर्षांचा होता. उन्हाळ्याची सुट्टी लागायला आठ दिवस होते तेव्हा तो सायकलवरून आला, घामानं भिजलेला, चांगल्या स्वभावाचा. त्यानं मास्तरांना वाकून नमस्कार केला. मास्तरांना पाय मागं घ्यावेसे वाटले.

यादी झाली. खुर्ची एक. फळा एक. नकाशा, फाटका, एक. घंटा एक. रेडिओ एक.

"गुरुजी," गोपाळकृष्ण हळू आवाजात म्हणाला, "हा रेडिओ लावतात कसा?"

"तुमचं ट्रेनिंग झालंय न्हवं?"

"झालंय. पण तिथं तक्त्यावर शिकवलं. चित्र होतं. यंत्र साहेबांच्या कपाटात असायचं, बिघडेल म्हणून." तो ओशाळा हसला. "मी हात पण नाही लावला अजून."

मास्तरांनी त्याला सगळं दाखवलं. बॅटरीचं लाल टोक कुठलं, काळं कुठलं. आधी बटण अर्धं फिरवायचं, आतल्या काचेच्या नळ्या तापू द्यायच्या, मग पूर्ण. वाऱ्यानं लिंबाची फांदी तारेला घासली की कसा आवाज येतो. जमिनीतली कांब कुठं आहे. तिला रोज किती ओल लागते. गोपाळकृष्ण वहीत लिहून घेत होता, मधूनमधून "एक मिनिट गुरुजी" म्हणत होता. मास्तर थांबत होते.

"पाण्याचं गावाला इचारून करा," मास्तर म्हणाले.

ओट्याखाली ट्रंक, वळकटी आणि दोन गाठोडी ठेवली होती. गजराबाईचा भाऊ येडशीला रेल्वेच्या खडीवर मुकादम होता. त्यानं दोघांनाही काम मिळेल असं कळवलं होतं. गजराबाई ट्रंकेवर बसली होती. धुळाप्पा वळकटी डोक्यावर घ्यायची का म्हणून विचारायला आला होता आणि न विचारताच उभा होता.

"दोन वाजले," गोपाळकृष्ण म्हणाला. "आज तुम्हीच लावून द्या ना. मी बघतो."

"आता चार्ज तुमचा हाय."

"तरी."

मास्तरांनी बटण अर्धं फिरवलं. थांबले. पूर्ण फिरवलं. रेडिओ लागला. धडा चंद्राचा होता. सांगणारी बाई सावकाश, गोड बोलत होती. चंद्र केवढा, किती लांब, कशाभोवती फिरतो. पोरं हलत नव्हती. मास्तर खुर्चीच्या एका बाजूला उभे होते आणि गोपाळकृष्ण दुसऱ्या. खुर्ची रिकामी होती.

"आता मी एक प्रश्न विचारते," बाई म्हणाली. "चंद्राला स्वतःचा उजेड असतो का? नीट विचार करा, आणि उत्तर तुमच्या गुरुजींना सांगा. मी थांबते हं."

रेडिओ गप्प झाला.

पोरांनी माना वर केल्या. काहींनी इकडं पाहिलं, काहींनी तिकडं. पुढं बसलेल्या दोघा-तिघांनी बोट वर केलं आणि ते कुणाला दाखवायचं ते न कळून तसंच धरलं. गोपाळकृष्णानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी टोपी नीट केली, पोरांवरून एकदा नजर फिरवली आणि भिंतीच्या कडेकडेनं, कुणाला धक्का लागू न देता, बाहेर आले. पायऱ्या उतरले. ट्रंक उचलली. एका बाजूची कडी तुटलेली होती म्हणून ती छातीशी धरावी लागली.

आत कुणीच बोललं नव्हतं.

"शाब्बास," रेडिओ म्हणाला. "अगदी बरोबर."